चालत आलेल्याला ताट

सातारा
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय कीर्ती,

“आमच्यात गाडीनं आलेल्याला पानी देत्यात, चालत आलेल्याला ताट वाढत्यात,” असं तुझ्या सासूबाई मला म्हणाल्या होत्या. चोवीस वर्षं झाली. तुझं लग्न होऊन महिनाच झाला होता आणि मी पृथ्वीराजांच्या जीपमधून तुझ्या दारात उतरले होते. मी काय केलं, आठवतं? पाण्याचा तांब्या खाली ठेवला, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत परत गेले आणि पदर सावरत चालत आले. आक्काताई दारात कमरेवर हात ठेवून हसत होत्या. “आता ये. आता जेव.”

काल कपाट आवरताना हे एकदम आठवलं आणि तुला लिहायला बसले. तुझा फोन हल्ली नेहमी पारसभाऊजीच उचलतात. “ती चालायला गेलीय,” म्हणतात. मग म्हटलं, जाऊ दे तो फोन. नाहीतरी सहलीचं गाव पत्रानंच ठरवायचं, हे आपलं वसतिगृहापासूनचं. गेल्या वर्षी आक्काताई गेल्या, सहल झाली नाही. या वर्षी मी ऐकणार नाही. दिवाळीनंतर पाच दिवस, आपण दोघीच.

तू मेसेजमध्ये दोनच शब्द लिहिलेस, “गाडी नको.” बरं, नको. मलाही कंटाळा आलाय चालवायचा. म्हणून असं गाव शोधतेय की एकदा बॅग टेकवली की पुढं सगळं पायी. नदी, देऊळ, बाजार, जेवण. माथेरानात गाड्यांना बंदी आहे, पण घोडेवाले पाठ सोडत नाहीत. महाबळेश्वरला उतरल्या उतरल्या टॅक्सीवाले हातातली बॅग ओढतात. माझं मन वाईवर आहे. लहान गाव, कृष्णेचा घाट, आणि तेच पाणी पुढं तुझ्या सांगलीला येतं. रविवारी जाऊन मी स्वतः चालून बघते आणि कळवते.

गाडीलाही विश्रांती हवीच आहे. मागच्या सीटवर कुणी नसताना ‘बेल्ट लावा’ म्हणून टिंगटिंग करत राहते. मेकॅनिकनं दोनदा बघितलं. काही सापडलं नाही.

तुझी
संयू

माधवनगर, सांगली
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय संयू,

जय जिनेंद्र. पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

वाई चांगलं आहे. पण पोचायला किती दिवस लागतील? मी नकाशा काढून बघितला. रोज पंचवीस किलोमीटर धरले तरी सहा-सात दिवस जातात. परतीचे तेवढेच. सहल पाच दिवसांची आणि वाट दोन आठवड्यांची. माथेरानचं तर विचारूच नकोस. पारस म्हणतात, “त्यापेक्षा घराच्या गच्चीवर राहा पाच दिवस.” ते चिडत नाहीत, हेच जास्त लागतं.

मला चालायची आता सवय झाली आहे. रोज उजाडलं की निघते. सांगलीत त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते, थोडी थांबते आणि तिथून घरी येते. जाताना साडेचार किलोमीटर, येताना साडेचार. जाताना भरभर जाते. येताना सावकाश चालते, मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गाठता यावं इतकी सावकाश. रेल्वेच्या पुलाच्या चढाला दर वेळी थांबते आणि मागं बघते.

मागं कुणी नसतं. वर्ष झालं, एकदाही कुणी नाही. तुला वाटेल, यात लिहिण्यासारखं काय आहे.

एक विचारायचं होतं. गाडीतलं ते टिंगटिंग कधीपासून वाजतं?

कीर्ती

सातारा
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय कीर्ती,

काल भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आज हात मोकळे आहेत.

तुझा सात दिवसांचा हिशेब वाचून मी मोठ्यानं हसले. पृथ्वीराज पेपरातून डोकं काढून म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “कीर्ती वाईला चालत यायचं म्हणते.” ते म्हणाले, “येऊ दे की. आमच्या रेजिमेंटला असल्याच बायका पाहिजे होत्या.” अगं वेडे, गाडी नको म्हणजे माझी गाडी नको. सांगलीहून साताऱ्याला रेल्वेनं ये, नाहीतर एसटीनं. पुढं वाईला आपण दोघी एसटीनंच जाऊ. तिथं पोचल्यावर पायी.

मी बारा तारखेला वाईला जाऊन आले. गाडी गावाबाहेर एका झाडाखाली लावली आणि आत चालत गेले. लॉजपासून घाट सात मिनिटं. घाटापासून खानावळ चार. बाजारातून हिंडत परत आलं तरी अर्धा तास. कुठं धाप लागत नाही, कुठं वाट चुकत नाही. तुला आवडेल. घाटावर बसून मी दोन तास काढले.

तिथं एक गंमत झाली. गाडीजवळ परत आले तर शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेली बाई, सुलाबाई तिचं नाव, माझ्यावर तुटूनच पडली. “आवं बाई, म्हातारीला आत कोंडून कुटं गेला व्हता? लय वेळ झाला. काच तरी खाली करायची व्हती.”

“कोण म्हातारी?”

“ही काय मागं. हात जोडून बसलीया. मी म्हनलं, आजी, उतरा, पाय मोकळं करा, पेरू खावा. तर नुसती मान हलवतीया.”

मी आत बघितलं. सीटवर माझी शाल होती, घडी उलगडलेली. लांबून काचेतून माणसासारखी दिसली असेल. मी शाल उचलून तिला दाखवली. तिनं शालीकडे बघितलं, मग सीटकडे बघितलं आणि एक पेरू माझ्या हातात ठेवला. “त्यास्नी द्या.” तो पेरू घरी पृथ्वीराजांनी खाल्ला.

टिंगटिंग कधीपासून म्हणतेस? गेल्या वर्षी दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला लावली, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. का गं?

लॉजवाल्याला सतरा नोव्हेंबर सांगितलाय. हो म्हण.

संयू

माधवनगर
१ नोव्हेंबर २०२५

संयू,

सासूबाई पेरू खात नसत. खूप बिया असलेली फळं त्यांनी कधीच सोडली होती. मान हलवली असेल तर ती पेरूला.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. आमच्यात माणूस गेलं की जीव त्याच क्षणी दुसरा जन्म घेतो. मागं राहत नाही. म्हणून आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, पान वाढणं नाही. मी हे लहानपणापासून ऐकलंय आणि मानते. तेव्हा असलं काही मला पुन्हा लिहू नकोस.

पण एक तुला माहीत असायला हवं. आईंनी गेल्या चातुर्मासात नियम घेतला होता. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कुठल्याही वाहनात बसायचं नाही. रिक्षात नाही, एसटीत नाही, पारसच्या स्कूटरवरसुद्धा नाही. आषाढापासून त्या सगळीकडे चालत जात होत्या. ज्या दिवशी दवाखान्यात न्यायला तू त्यांना गाडीत बसवलंस, त्या दिवशी नियमाचे सत्तेचाळीस दिवस उरले होते.

ते सत्तेचाळीस मी चालून पुरे केले. पुरे झाल्यावर स्कूटरवर बसायला गेले, तर बसता आलं नाही. म्हणून मी रेल्वेनं येणार नाही आणि एसटीनंही येणार नाही. लॉजवाल्याला नाही सांग.

कीर्ती

सातारा
९ नोव्हेंबर २०२५

कीर्ती,

तुझं पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय.

मला हे तेव्हा का सांगितलं नाहीस? तो रविवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. मी सहज आले होते. भाऊजी इचलकरंजीला गेलेले. आक्काताई ओसरीवर बसल्या होत्या, चेहरा घामानं भिजलेला, हात छातीवर. मी गाडीचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, “नगो, मी चालत येते.” माझ्या माहेरी काय, सासरी काय, मोठं माणूस तीनदा नको म्हणतं. चहाला, साडीला, औषधालासुद्धा. मग आपण आग्रह करायचा. मी तो आग्रह केला. “आवं काकू, एवढ्याला काय संकोच,” असं म्हणत मी त्यांना उचलून आत बसवलं. त्यांचा एक पाय बाहेर राहिला होता, तोही मीच उचलून आत घेतला. अनवाणी होत्या. तळवा गार लागला होता.

आणि तू शेजारी बसलेली होतीस. तुला नियम माहीत होता. एक शब्द बोलली असतीस. मग मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित तरीही बसवलं असतं. पण जाणूनबुजून बसवलं असतं. वर्षभर मी लोकांना अभिमानानं सांगत आले की त्या वेळी मी होते म्हणून निदान फाटकापर्यंत तरी पोचलो.

आता मी लपवलेलं सांगते. तू लिहू नको म्हणालीस तरी.

पृथ्वीराज म्हणाले, “सेन्सर गेलाय. रिकाम्या सीटवर बेल्ट लावून टाक, आवाज बंद होईल.” मी लावला. आवाज बंद झाला. कराडपर्यंत जाऊन आले. घरी आल्यावर पिशवी काढायला मागचं दार उघडलं, तर पट्टा सीटला टेकलेला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर पुढं होता, माणसाच्या पोटावरून यावा तसा, गोल. मी हात लावला नाही. दार लावलं. दुपारची वेळ होती, अंगणात ऊन होतं, शेजारी पापड वाळत होते. मी पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी पृथ्वीराजांनी बघितलं तेव्हा पट्टा सीटला सपाट चिकटलेला होता. “काय नाय,” म्हणाले. पण तेव्हापासून ते त्या गाडीत पुढंच बसतात, आणि मागं बघत नाहीत. सोळा वर्षं सरहद्दीवर काढलेला माणूस.

सुलाबाईनं सांगितलेले जोडलेले हात मी तुला गंमत म्हणून लिहिले. ती गंमत नव्हती. आरशात मला त्या दिवशी तेच दिसत होतं. पूर्ण वाटभर त्यांनी हात जोडलेले होते. मला वाटलं, त्या माझे आभार मानताहेत.

संयू

माधवनगर
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय संयू,

चिडलीस ते बरं केलंस. वर्षभर माझ्यावर कुणी चिडलं नव्हतं.

मी का बोलले नाही, ते विचारलंस. त्या जगाव्यात, असं मला वाटत होतं. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. आषाढापासून मी त्यांच्या नियमाला कंटाळले होते. त्या चालत देवळात जाणार, मी मागून छत्री धरून जाणार. त्या चालत भाचीकडे जाणार, मी जाणार. गुडघे त्यांचे दुखायचे, चोळायचे मी. त्या दिवशी तू दार उघडलंस, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की चला, सुटलो, आता कुणीतरी हे मोडतंय आणि ती मी नाही. एवढ्या क्षणात एवढं सगळं मनात येतं, हे मला माहीत नव्हतं.

पुलाच्या चढाला त्या बोलल्या. तुला ऐकू गेलं नसेल, ट्रकमागं अडकून तू हॉर्न वाजवत होतीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कीर्ती, मला हितं उतरीव. हितनं मी चालत येते.” मी म्हटलं, “आलंच आई, आलंच.” फाटक अजून दोन किलोमीटर लांब होतं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या ह्या रस्त्यानं दोन-अडीच महिने चालल्या होत्या. मग त्यांनी हात जोडले आणि नवकार मंत्र म्हणायला लागल्या. फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा ओठ हलायचे थांबले होते. त्यांना खाली दवाखान्याच्या लोकांनी घेतलं. तू बसवलंस, मी बसू दिलं, आणि आपल्या दोघींपैकी कुणीही त्यांना उतरवलं नाही. घरी आणलं तेही गाडीतूनच.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. या वर्षी मी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन मागितली. जावेची मागितली, जिच्याशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. तुझी मागितली नाही. आईंच्या फोटोसमोर उभी राहिले आणि न मागताच परत फिरले.

त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत. पारस आत घेतात, मी परत बाहेर ठेवते. कुणासाठी ठेवते, ते विचारू नकोस. जीव मागं राहत नाही, हे मी मानते.

वर्षभर मला वाटत होतं, मी सावकाश चालले तर मागून पावलं ऐकू येतील. आता तू लिहितेस की त्या तिथं नाहीतच. त्या तुझ्याकडे बसून आहेत. मी रोज रिकाम्या रस्त्यावर मागं वळून बघतेय. संयू, हे वाचल्यापासून मला रस्ता नुसता रस्ता दिसतो. ते फार वाईट आहे.

तू गाव विचारतेस. मला पायी जाता येईल असं एकच गाव उरलंय. फाटकापासून माझ्या दारापर्यंत, साडेचार किलोमीटर. त्यात नदी नाही, घाट नाही, बघण्यासारखं काही नाही. सध्या उसाच्या ट्रॉल्यांमुळे कडेनं चालायलाही जागा नाही.

ती गाडी माझ्या दारात आणू नकोस. एवढं ऐक.

कीर्ती

सातारा
२ डिसेंबर २०२५

प्रिय कीर्ती,

गाव ठरलं. तू सांगितलंस तेच. लॉजवाल्याला मी नाही कळवलं. तो म्हणाला, “ताई, पुढच्या वर्षी या.” मी म्हटलं, “बघू.”

मी रविवारी येते. गाडी तुझ्या दारात आणणार नाही, हे ऐकलं. फाटकापर्यंत आणेन. तेवढं करावंच लागेल, नाहीतर त्या तिथं पोचणार कशा? काल मी गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली, टिंगटिंग सुरू झालं. बेल्ट लावला नाही. आरसा खाली केला आणि पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हटलं, “काकू, मला माहीत नव्हतं. चुकलं. रविवारी उतरवते.” आवाज थांबला नाही. पण मी मागं बघू शकले. सीट रिकामी होती. उशीसारखी दबलेली होती, इतकंच.

पृथ्वीराज म्हणाले, “सव्वाशे किलोमीटर एकटी जाणार? सोबत येतो.” मी म्हटलं, “सोबत आहे.” ते मग जाऊन टायरमधली हवा बघून आले.

मी असं ठरवलंय. दुपारी तीनला फाटकाशी पोचायचं. गाडी कडेला लावायची. मागचं दार पूर्ण उघडायचं आणि म्हणायचं, “उतरा काकू, आता चालायचं.” मग चप्पल काढून मीही अनवाणी निघणार. तुझ्यासारखंच सावकाश. पुलाच्या चढाला थांबेन. मागं बघणार नाही, कारण मला वाटतं, मागं बघितलेलं त्यांना आवडत नसावं. वर्षभर तू बघत होतीस, ते मी त्यांना सांगेन. गाडी तिथंच राहील. परत जाताना ती रिकामी वाजते की गप्प बसते, ते कळेलच.

तू फाटकाशी यावंस, असं मी म्हणत नाही. ज्या दोघींनी बसवलं त्या दोघींनी उतरवावं, असं मला वाटतं, पण तुझ्यावर तो भार टाकायचा नाही. तू दारातच थांब. चपला बाहेर असू देत. पारसभाऊजींना सांग, एक दिवस आत घेऊ नका.

साडेचार किलोमीटरला दोन तास धरलेत. पाचला पोचू. डिसेंबरात सूर्य लवकर जातो आणि तुमचं जेवण त्याआधी उरकतं, म्हणून ही वेळ.

आता मागणं. त्या पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरून चालत परत आले आणि आक्काताईंनी मला ताट वाढलं. रविवारीही मी चालतच येणार आहे, तेव्हा माझं ताट तू वाढशील, याची मला खात्री आहे. माझ्या शेजारी आणखी एक ताट मांडशील? वरण-भात, चपाती, त्यांना चालायचं तेवढंच. नैवेद्य म्हणून नको, पान म्हणून नको, त्याला कुठलंही नाव देऊ नकोस. चालत आलेल्या माणसाला तुझ्या घरात वाढतात, तसं.

तू नाही म्हणशील. तुमच्यात असं काही नसतं, जीव मागं राहत नाही, मेलेल्याला कुणी वाढत नाही, आणि या घरात ते कधी झालेलं नाही. हे सगळं तू मला आधीच लिहिलंयस आणि तुझं उत्तर यायच्या आत मी निघालेली असेन. तरी, कीर्ती, दोन ताटं मांड.

तुझी
संयू